तीनदा आलेली स्थिती आणि अर्धा गुण

पुण्यातील एका स्विस-लीग (प्रत्येक फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालणाऱ्या) बुद्धिबळ स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना माझा डाव चौथ्या तासात गेला, तेव्हा पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि प्रतिस्पर्ध्याचे ई५ वरचे (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) प्यादे एवढेच उरले होते. माझा राजा ई८ वर आणि त्यांचा डी५ वर होता. अशा वेळी बचाव करणाऱ्याने आपला हत्ती सहाव्या आडव्या रांगेत ठेवावा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे सरकता येत नाही, हे फ्रान्सच्या बुद्धिबळपटू फिलिडोरने अठराव्या शतकातच दाखवून दिले आहे. त्यानुसार माझा हत्ती ए६ आणि बी६ या घरांत ये-जा करीत राहिला व त्यांचा एच७ आणि जी७ या घरांत.

त्याच चाली तीनदा झाल्या की डाव आपोआप बरोबरीत (दोघांना अर्धा-अर्धा गुण) सुटतो, अशी क्लब पातळीवर अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात नियम चालींचा नसून स्थितीचा आहे: तीच मोहरी त्याच घरांत हवीत, खेळण्याची पाळी त्याच खेळाडूची हवी आणि शक्य असलेल्या चालीही त्याच हव्यात. शिवाय तिसऱ्या वेळी बरोबरीचा दावा खेळाडूला स्वतःच करावा लागतो आणि तो चुकीचा ठरल्यास प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात. म्हणून मी आधी स्कोअरशीटवरील (चाली लिहिण्याच्या कागदावरील) नोंदी पुन्हा ताडून पाहिल्या. मग 'हत्ती ए६' ही चाल फक्त लिहिली, हत्तीला हात न लावता घड्याळ थांबवले आणि हात वर केला. चाल आधी पटावर खेळून घड्याळ दाबले असते, तर त्या क्षणी दावा करण्याचा हक्क गेला असता.

"सर, ही चाल खेळल्यावर तीच स्थिती तिसऱ्यांदा येते," असे मी पंचांना सांगितले. त्यांनी दोघांची स्कोअरशीट घेतली, आमच्यासमोरच दुसऱ्या पटावर शेवटच्या चाली मांडून पाहिल्या आणि दावा मान्य केला. प्रत्येक चालीनंतर ३० सेकंदांची भर मिळत असल्याने शेवटपर्यंत चाली लिहिणे दोघांनाही बंधनकारक होते. त्या नोंदी तंतोतंत जुळल्या, त्यामुळे वादाला जागा उरली नाही.

निकालावर सह्या झाल्यावर प्रतिस्पर्धी काकांनी विचारले, "मी प्यादे ई६ वर ढकलले असते तर?" आम्ही बाहेरच्या टेबलावर पट मांडला. प्यादे पुढे गेले की त्यांच्या राजाचा आडोसा नाहीसा होतो, म्हणून मी हत्ती लगेच ए१ वर नेला आणि मागून शह देत राहिलो. राजा कुठेही गेला तरी त्याला आसरा मिळेना.