बेकफर्डच्या मनोऱ्यात मुक्काम

इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या उत्तरेला लॅन्सडाउनची टेकडी आहे. तिच्यावर उभा असलेला, सोनेरी शेंड्याचा मनोरा विल्यम बेकफर्ड या धनाढ्य लेखक-संग्राहकाने १८२७ मध्ये बांधून पुरा केला. वास्तुविशारद होता हेन्री गुडरिज आणि उंची १२० फूट. वरच्या भागात आज संग्रहालय आहे आणि तळमजल्यावर लँडमार्क ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं, सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर. ब्रिस्टलला राहणाऱ्या ताईबरोबर मी तिथे मुक्काम केला.

बेकफर्ड खाली शहरात, लॅन्सडाउन क्रेसेंटमध्ये राहायचा. सकाळी घोड्यावरून स्वतःच्या बागांमधून चढ चढत इथे यायचा, पुस्तकं आणि चित्रं बघत बसायचा. म्हणजे मनोरा हे त्याचं राहतं घर नव्हतंच, एकट्याने बसायची हक्काची जागा होती. आत शिरल्यावर ते लगेच जाणवतं. दिवाणखान्यात भडक किरमिजी रंग आहे, एरवी मला तो सोसला नसता. पण बाहेर इंग्लंडचं राखाडी आभाळ आणि आत ही ऊब, त्यामुळे संध्याकाळी तिथून उठवेना. टीव्ही नाही. कपाटात पुस्तकं आहेत, आणि आधी राहून गेलेल्यांनी मनापासून लिहिलेली एक जाडजूड वही. ती वाचण्यातच आमची एक रात्र गेली.

१५४ पायऱ्यांचा गोल जिना चढून गेलं की चहूबाजूंनी खिडक्या असलेली खोली लागते. जिन्याच्या दगडी पायऱ्या एका बाजूने भिंतीत रुतलेल्या, दुसरी बाजू मोकळी. मधल्या पोकळीत डोकावलं तर पोटात गोळा येतो. वरून बाथ दिसतं ते मधाच्या रंगाच्या दगडाचं. इथल्याच खाणींतला हा चुनखडीचा दगड साऱ्या शहराला पुरलाय. ऊन पडलं की घरांच्या रांगा उजळतात, ढग आला की झटकन मालवतात. खिडकी न सोडता मी कितीतरी वेळ हेच बघत उभी होते.

हा सगळा थाट जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर उभा राहिला, गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांच्या घामावर. संग्रहालय हे लपवत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटलं. खाली स्वयंपाकघरात चहात साखर घालताना ताई म्हणाली, "आता ही घालताना हात थबकतो गं." मलाही तसंच झालं होतं.

मनोऱ्याचं पुढचं नशीबही अजब. १८४४ मध्ये बेकफर्ड गेला. त्याला इथेच चिरविश्रांती हवी होती, पण जमीन चर्चने पवित्र केलेली नसल्याने त्याला दुसरीकडे पुरलं. जागा विकली गेली आणि एका पबवाल्याने तिथे बियरची बाग थाटली! शेवटी बेकफर्डच्या लेकीने ती परत विकत घेऊन दफनभूमीसाठी दिली, तेव्हा कुठे तो इथे परतला. त्याची गुलाबी ग्रॅनाइटची शवपेटी आजही मनोऱ्याजवळ आहे. पुढे मनोरा दफनभूमीचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, झाला, १९३१ मध्ये आगीत आतून जळाला, त्यातूनही सावरला.

लँडमार्क ट्रस्टची काम करायची पद्धत मला मनापासून पटली. १९६५ मध्ये सुरू झालेला हा ट्रस्ट मोडकळीला आलेल्या वास्तू दुरुस्त करतो, मग त्या सुट्टीसाठी भाड्याने देतो आणि त्या भाड्यातून त्यांची देखभाल चालते. आपल्याकडे कितीतरी वाडे वारसांच्या वादात आणि पावसात खचताहेत. त्यांच्यातल्या एखाद्यात असं चूल पेटवून, अंथरूण घालून राहता आलं, तर मी आनंदाने भाडं मोजेन. वाडा दोरीच्या पलीकडून बघण्यात आणि त्याच्या ओसरीवर सकाळचा चहा घेण्यात फार फरक आहे. कुणाच्या वाड्याचं असं काही जमलं असेल, किंवा जमवायची इच्छा असेल, तर मला जरूर कळवा.