डेप्युटींची वही

दापोलीत गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्या घरात डेप्युटी होऊन गेले, त्यांच्यावर लिहीत का नाही?" डेप्युटी म्हणजे सरकारी शाळातपासनीस, आमचे पणजोबा. मग मुरुडचे अण्णा कर्वे, मुर्डीचे रँग्लर परांजपे, झालंच तर टिळकांचे वडील गंगाधरपंत, तेही मास्तरकीतून असिस्टंट डेप्युटी झालेले, अशी यादी ऐकवतात. जणू त्यात आमच्या पणजोबांचं नाव तेवढं घालायचं राहिलंय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

लिहिलं होतं. पंचविशीत, एका स्मरणिकेत. होडीने खाड्या ओलांडून शाळा कशा तपासल्या, 'दिपोटी' येणार म्हटलं की मास्तर अंगण कसं सारवून घेत, वगैरे. कौतुकही झालं.

ट्रंकेतली त्यांची वही नीट वाचली ती पुढे. अर्धी मोडीत, म्हणून तेव्हा वाचलीच नव्हती.

खाडीपलीकडच्या एका गावची तपासणी. पटावर किती, हजर किती, आणि खाली वेगळं: पडवीत सात. महारवाड्यातली मुलं. पणजोबांनी त्यांचीही परीक्षा घेतली. मुलांनी पाटी पायरीवर ठेवून मागे सरायचं, यांनी उभ्यानंच वाकून बघायचं. एकाचं त्रैराशिक होतं, पण आकडे बारीक, दिसेनात. तर त्यालाच लांबून मोठ्यानं वाचायला लावलं. शेरा: बरोबर. पाटी काही उचलली नाही. आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. न लाजता, की लाजून, ते अक्षरावरून कळत नाही.

धारवाडच्या शाळेत १८५६ साली महार मुलाला घेतलं नाही, ते प्रकरण विलायतेपर्यंत गेलं. सरकारी खर्चाच्या शाळा सगळ्यांना खुल्या, हे १८५८ सालीच ठरलं. १८९२ साली दापोलीतल्या महार पेन्शनरांनी, आमची मुलं शाळेत घ्या, म्हणून अर्ज केला. वहीतली नोंद त्याच सुमाराची. तेव्हा 'काळच तसा होता' हे मला सांगू नका. मीच ते पुष्कळांना सांगून झालंय.

तरी परीक्षा घेतली ना? पडवी वगळून पुढे गेले असते तर कोण विचारणार होतं? हे मी आजही म्हणतो. पण पंचविशीत ही नोंद सापडली असती, तर हेच मोठेपण म्हणून छापून मोकळा झालो असतो. म्हणून हल्ली माझंच म्हणणं मला पटेनासं होतं.

यंदा पुन्हा स्मरणिकेसाठी पत्र आलंय. लेख आणि पगडीतला फोटो हवाय. त्या पानाचा झेरॉक्स काढून आणलाय. अजून पाठवलेला नाही.