नॉर्वेतल्या मुलांचा खेळ चालवतं कोण?

नॉर्वेची लोकसंख्या साधारण 55 लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. तरी 2018 च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये या देशाने 39 पदकं मिळवली आणि 2022 ला बीजिंगमध्ये 16 सुवर्णपदकं. घरून फोन आला की हमखास विचारलं जातं, तिकडे मुलांना कितव्या वर्षी निवडतात? निवडतच नाहीत, असं सांगितलं की कुणालाच पटत नाही.

इथल्या क्रीडा महासंघाने 1987 मध्ये लहान मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि 2007 मध्ये ते मुलांचे हक्क म्हणून मांडले. 11 वर्षांच्या आत निकालांची यादी नाही, क्रमवारी नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 13 व्या वर्षापासून. माझी लेक फुटबॉल खेळते, पाच-पाच जणींचा सामना. एक संघ चार गोलांनी पुढे गेला की मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवता येते. गोल किती झाले ते मुलींना तोंडपाठ असतं, पण कागदावर कुणी लिहीत नाही. हरणाऱ्या मुलीही पुढच्या मंगळवारी सरावाला हजर असतात, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

नॉर्वेचा जगप्रसिद्ध फुटबॉलपटू अर्लिंग हालांड ब्रूने या छोट्या गावातल्या क्लबमध्ये घडला. त्याच्या वयाची चाळीसेक मुलं एकत्र खेळायची, कुणाला वगळलं नाही. लहानपणी तो अंगाने किरकोळ होता. दहाव्या वर्षी चाचणी लावून चाळणी केली असती तर असा मुलगा टिकला असता का? क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांना रांगेत उभी राहणारी आपली मुलं आठवली की हा प्रश्न मला फार छळतो.

हे सगळं चालतं ते पालकांच्या जिवावर. त्याला इथे दुग्नाद म्हणतात, आपलं श्रमदानच. फोनवरच्या अॅपमध्ये पाळ्यांची यादी येते. शनिवारी कुणी मैदानाकाठच्या टपरीत वॉफल भाजतं, त्यावर तपकिरी चीज ठेवून विकतं. कुणी गोलाच्या जाळ्या बांधतं, कुणी रेफ्री होतं. क्लबसाठी टॉयलेट पेपरचे गठ्ठे घरोघर विकायचीही पद्धत आहे. आमच्या संघाचा प्रशिक्षक एका मुलीचा बाबा आहे, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिट्टी घेऊन उभा राहतो. मानधन शून्य. मैदानं आणि हॉल बांधायला सरकारी लॉटरीचा पैसा येतो. नॉर्स्क टिपिंग या कंपनीच्या नफ्यातला 64 टक्के वाटा खेळाला जातो. म्हणजे इमारत लॉटरीची आणि आतली माणसं फुकट राबणारी. सरकार बदललं, एखादं ऑलिंपिक वाईट गेलं, तरी शनिवारची टपरी उघडते.

पण अलीकडे मला काळजी वाटते. खर्च वाढतोय. स्कीच्या दोन-दोन जोड्या, स्कीच्या तळाला लावायचं महागडं मेण, परगावची शिबिरं, स्पर्धांचे प्रवास. ज्या घरात दोन-तीन मुलं आणि एकच पगार, तिथे पहिली काट खेळाला लागते. नव्याने आलेल्या कुटुंबांना तर श्रमदानाची ही रीतही कुणी नीट समजावून सांगत नाही. पाळी चुकली की ती माणसं संकोचतात, मग मूलच यायचं बंद होतं. तेरा-चौदाच्या पुढे सराव वाढतो, संघ वेगळे होतात आणि गळती सुरू होते. ज्या नियमांनी मुलं इथवर आणली त्यांचं संरक्षण नेमकं याच वयात संपतं.

उपाय नाहीत असं नाही. बुआ नावाच्या केंद्रांतून स्की, स्केट, सायकली फुकट उसन्या मिळतात, आम्हीही नेतो. आमच्या क्लबमध्ये काही पालकांनी मागणी लावून धरली आहे, की लहान गटांनी परगावच्या स्पर्धांना जाऊच नये, शेजारच्या गावांशीच खेळावं. प्रवासाचे पैसे वाचतील आणि कुणाला घरी बसावं लागणार नाही. पुढच्या सभेत त्यावर मतदान आहे. माझं मत मी ठरवून टाकलंय, आणि शेजारच्या सोमाली कुटुंबालाही सोबत यायला सांगितलंय.