चित्रकलेचा तास, हस्तकलेचा तास

आमच्या वेळी चित्रकला आणि हस्तकला असे दोन वेगळे तास असत. चित्रकलेच्या बाई म्हणायच्या, "बघून काढू नका रे, मनानं काढा." हस्तकलेच्या सरांचं उलट. घडी रेषेवर बसली नाही की कागद परत! मला दोघंही आवडायचे, पण एकाच्या तासाला दुसऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती.

पुढे दागिने घडवण्याच्या कामात पडलो आणि दोघंही एकदमच कामाला आले. चांदीची तार जंत्रीच्या, म्हणजे लहान लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीच्या, एकेका भोकातून ओढत बारीक करायची. ओढता ओढता ती कडक होते. मधूनमधून तापवून मऊ केली नाही तर तुटते. पेन्सिल कागदावर हवी तशी वळते, तार वळत नाही. डाक लावणं, म्हणजे दोन तुकडे आधी वितळणाऱ्या धातूनं जोडणं, त्याहून हट्टी. जोडातून उजेड दिसता कामा नये, कारण डाक मोठी फट भरत नाही. तो अरुंद सांध्यात ओढला जातो आणि धातू जिकडे जास्त तापलेला तिकडे धावतो. म्हणून ज्योत नुसत्या जोडावर न धरता सगळ्या नगावर फिरवायची. 92.5 टक्क्यांची चांदी 800 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि डाक त्याच्या थोडाच आधी. तेवढ्या वेळात बाईंची कल्पना कामाची नाही, तिथे सरांचा हात लागतो.

पण नुसत्या हाताचंही काही खरं नाही. सफाई आली की तो त्याच चार नक्ष्या गिरवत बसतो, आणि लोक वाखाणतात म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

प्राचीन इटलीतल्या इट्रुस्कन सोनारांनी इ.स.पू. 7व्या शतकात सोन्यावर पाव मिलिमीटरहून लहान रवे बसवून चित्रं काढली. असे रवे डाकात बुडू नयेत म्हणून तांब्याचा क्षार डिंकात कालवून लावायची एक रीत आहे. तापवलं की सांध्यापुरतंच सोनं लवकर वितळतं. रव्यांचं चित्र आधी सुचलं की ते चिकटवायची युक्ती, हे सांगता येईल असं मला वाटत नाही.

शाळेनं यंदा मुलांसाठी कार्यशाळा घ्यायला सांगितलंय. आधी प्रत्येकाला वीतभर तांब्याची तार देणार, कागद नंतर. चित्र आधी काढलं की मुलं तारेवर चिडतात. तार आधी हाताळली की तिच्या खोडी चित्रातच उतरतात. डाक मात्र मीच लावून दाखवीन. ज्योत आणि सहावीचा वर्ग एका खोलीत नको.