पगार नेमका कुणाच्या हातात जातो? कचरा कंपनीच्या पुरवठा साखळीतली वेठबिगारी

कचरा गोळा करणाऱ्या कंपनीत गाडीचा चालक बहुधा कंपनीच्या पगारावर असतो. मागचा हेल्पर एजन्सीचा असतो. वर्गीकरणाच्या पट्ट्यावर उभी असलेली माणसं त्या एजन्सीने दुसऱ्याच एजन्सीकडून घेतलेली असतात, आणि रात्री पट्टा धुवायला येणारी टोळी कुणाची, हे शिफ्ट इन्चार्जलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. वेठबिगारी सापडते ती या उतरंडीच्या तळाशी. काम घाणीचं, भाषा न येताही जमणारं, माणसं सतत बदलणारी. माणसांच्या जिवावर पैसा करणाऱ्याला अशी जागा फार सोयीची पडते.

ब्रिटनमध्ये ‘ऑपरेशन फोर्ट’ या तपासात हेच उघड झालं. पोलंडहून चांगल्या कामाचं आमिष दाखवून आणलेल्या माणसांना शेतांवर आणि कचऱ्याच्या पुनर्प्रक्रिया केंद्रांत कामाला लावलं होतं. बळींची संख्या चारशेच्या घरात असावी, असा तपास यंत्रणेचा अंदाज होता. आठ जण दोषी ठरल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. यातली विचार करायला लावणारी गोष्ट अशी की कामाच्या जागा उघड, कायदेशीर धंद्याच्या होत्या. पगारही निघत होता. तो ज्या खात्यांत जमा व्हायचा, ती खाती टोळीच्या ताब्यात होती. त्यामुळे ‘आम्ही किमान वेतन देतो, पावत्या आहेत’ एवढ्यावर कुणी निर्धास्त राहू नये.

सक्तीच्या श्रमांची व्याख्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० मध्येच करून ठेवली आहे: शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं आणि माणसाने स्वखुशीने न स्वीकारलेलं काम. त्याच संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसं अशा श्रमांत अडकलेली होती. धाक म्हणजे मारहाणच असते असं नाही. ‘पोलिसांना कळवीन’, ‘गावाकडे तुझ्या आईला पैसे मागीन’, ‘उचल फेडल्याशिवाय कागद मिळणार नाहीत’, एवढं पुरतं.

कायद्यांबद्दल थोडक्यात. ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांकडून, पुरवठा साखळीतली वेठबिगारी रोखायला काय केलं याचं निवेदन दरवर्षी मागतो. ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा तसाच कायदा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या उलाढालीपासून लागू होतो. निवेदन लिहायला हरकत नाही. पण वर्षभर जे शोधलं आणि दुरुस्त केलं, तेच त्यात लिहायचं असतं. पुष्कळ ठिकाणी निवेदन आधी तयार होतं आणि शोध राहूनच जातो.

शोधाची सुरुवात तीन आकड्यांपासून करा. एखाद्या रात्रीच्या शिफ्टला फाटकावरच्या रजिस्टरात किती माणसं आत आली, ठेकेदाराच्या बिलात त्या रात्रीची किती माणसं लावली आहेत, आणि पगारपत्रकात त्या दिवसाची किती नावं आहेत. तिन्ही जुळायला हवेत. बिलात जास्त आणि फाटकावर कमी असतील, तर ती साधी फसवणूक. फाटकावर १४ आणि पगारपत्रकात ११ असतील, तर तीन माणसं कुणासाठी आणि कशाच्या बदल्यात राबताहेत, हे त्याच आठवड्यात शोधायला हवं. बहुतेक वेळा उत्तर ‘उपठेकेदार’ असं येतं. म्हणून करारात आमच्या लेखी परवानगीशिवाय पोटठेका नाही हे कलम असावंच, आणि ते पाळलं जातंय का हे पाहायला महिन्यातून एकदा, न सांगता, रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी पट्ट्याजवळ जाऊन डोकी मोजावीत. दिवसा, आधी कळवून केलेली तपासणी फारशी कामाची नाही.

यानंतरची तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिला एक साधी तक्ता-फाईल पुरते. पट्ट्यावरच्या सगळ्या माणसांचे चार रकाने मागवा: बँक खातं, राहण्याचा पत्ता, फोन, आणि आणीबाणीत कळवायच्या व्यक्तीचा नंबर. पगार सोडण्याच्या तीन दिवस आधी प्रत्येक रकाना क्रमाने लावा आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या नोंदी वेगळ्या काढा. एजन्सी गोपनीयतेचं कारण देईल, आणि ते रास्तही आहे. मग खात्याचे शेवटचे सहा आकडे घ्या, जुळणी शोधायला तेवढे बस होतात. पत्ते आधी एकसारखे करून घ्या. ‘खोली २’, ‘रूम नं. २’ आणि नुसतं ‘२’ हे संगणकाला तीन वेगळे पत्ते वाटतात, आणि इथेच बहुतेकांची तपासणी फसते.

एका खात्यात दोघांचा पगार जात असेल तर ते नवरा-बायको असू शकतात. भाऊभाऊ एका घरात राहतात. म्हणून दोनाच्या जुळणीवर घाबरून जाऊ नका, पण विचारा जरूर. नातं नसलेल्या तिघांचं किंवा जास्त जणांचं खातं, फोन किंवा आणीबाणीचा नंबर एकच निघाला, तर थांबा. नुसतं खातं पाहून भागत नाही. टोळ्या प्रत्येकाच्या नावावर वेगळं खातं उघडतात आणि कार्ड आपल्याकडे ठेवतात. तेव्हा पकडून देतो तो पत्ता किंवा फोन. तीन खोल्यांच्या घराच्या पत्त्यावर नऊ कामगार, आणि नऊही जणांसाठी आणीबाणीत कळवायचा माणूस एकच. ती व्यक्ती कोण, हे विचारलं की बहुधा मुकादमाचं नाव पुढे येतं.

हजेरीतही खुणा असतात. एकाच मिनिटात सात कार्डं टेकवली गेली, तर ती कुणाच्या हातात होती? एकच नाव दिवसपाळीला इथे आणि रात्रपाळीला दुसऱ्या केंद्रावर दिसतंय का? सहा महिन्यांत ज्याने एकही रजा घेतली नाही, आजारपणाचीसुद्धा नाही, तो कष्टाळू असेलही. पण त्याच्याशी बोलून खात्री करून घ्या.

आता दराकडे या. इथे कंपनीची स्वतःची जबाबदारी आहे आणि ती ठेकेदारावर ढकलता येत नाही. समजा कायद्याने तासाला १०० द्यावे लागतात. भरपगारी रजेचा वाटा समजा १२, मालकाने भरायची वर्गणी आणि विमा १०. झाले १२२. त्यावर बूट, हातमोजे, प्रशिक्षण, एजन्सीचं ऑफिस आणि थोडा नफा मिळून ८. म्हणजे १३० च्या खाली हा दर कायदेशीरपणे बसतच नाही. निविदेत कुणी ११४ चा दर दिला आणि खरेदी विभागाने तो खुशीने स्वीकारला, तर उरलेले १६ कुणाच्या तरी अंगावरून कापले जाणार, हे सही करतानाच ठरलेलं असतं. निवासाचं भाडं, गाडीभाडं, गणवेश, ‘प्रशासकीय खर्च’ अशा नावांनी ते पगारपावतीवर कपात म्हणून उगवतात. म्हणून निविदेबरोबर दराची फोड मागा आणि तुमच्या देशातल्या कायदेशीर खर्चापेक्षा कमी दर आला की तो बाद करा. स्वस्त दर मिळवला म्हणून खरेदी अधिकाऱ्याला बक्षीस मिळत असेल, तर आधी ती पद्धत बंद करा.

भरतीचं शुल्क हे कर्जाच्या फासाचं मूळ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार एजन्सीविषयक कराराचं सातवं कलम सर्वसाधारण नियम म्हणून सांगतं की कामगाराकडून शुल्क किंवा खर्च, थेट वा आडमार्गाने, पूर्ण वा अंशतः घ्यायचा नाही. २०१९ मध्ये या खर्चाची व्याख्या स्पष्ट झाली. वैद्यकीय तपासणी, विमा, कौशल्य चाचणी, साहित्य, प्रवास, निवास हे सगळं तिच्यात येतं. कामगाराने पैसे भरलेत असं निघालं, तर ते परत करायचे. पावती बहुतेकांकडे नसते, म्हणून पावतीचा हट्ट धरू नका. एकाच भागातून, एकाच एजंटमार्फत आलेल्या दहा-बारा जणांना वेगवेगळं विचारलं की रक्कम आपोआप जुळत येते. घरी काढलेल्या कर्जाचं व्याज बहुतेक कंपन्या विसरतात. मूळ रकमेपेक्षा ते जड असू शकतं. ते धरून परतफेड करा, आणि महिन्याभराने त्या माणसाला एकट्याला विचारा, पैसे त्याच्याकडेच आहेत का. मुकादमाने परत काढून घेतले असतील तर परतफेड झालीच नाही.

विचारायचं कसं, यालाही तंत्र आहे. ठेकेदाराने यादी दिलेल्यांशी न बोलता फाटकाच्या रजिस्टरातून तुम्हीच नावं काढा. जागा पट्ट्यापासून दूर, पण ऑफिसात नको. दुभाषा बाहेरून आणा. ‘मी सांगतो, त्याला भाषा येत नाही’ म्हणत पुढे येणारा माणूस हीच अनेकदा पहिली खूण असते. पंधरा-वीस मिनिटांच्या बोलण्यात ‘तुम्हाला डांबून ठेवलंय का?’ असं कुणी विचारू नये. साधं विचारा: पासपोर्ट आत्ता कुठे आहे? पगार झाला की पैसे काढायला कोण जातं? इथलं काम उद्या सोडायचं ठरवलं तर काय होईल? शेवटच्या प्रश्नानंतर माणूस गप्प झाला, तर त्याला उत्तरासाठी रेटू नका. तुमचा नंबर द्या, तोही कागदावर नको. कागद खिशात सापडतो. पाठ होईल इतका छोटा नंबर असावा.

पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेतल्याचं सांगितलं जातं आणि सोबत संमतीचा सही केलेला फॉर्म दाखवला जातो. तो फॉर्म ग्राह्य धरू नका. कामगाराच्या हाती किल्ली असलेलं लॉकर, जे कुणालाही न विचारता कधीही उघडता येतं, तेवढंच चालेल.

मालाची बाजू विसरली जाते. कचरा कंपनी हातमोजे ढिगाने वापरते, आणि मलेशियातल्या काही हातमोजे उत्पादकांचा माल सक्तीच्या श्रमांच्या संशयावरून अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने अडवला होता. गणवेशाचा कापूस, गाड्यांच्या टायरचं रबर, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या, छतावरचे सौर पॅनेल, या सगळ्या मालांमागेही सक्तीच्या श्रमांचा धोका आहे. सगळ्यांचा एकदम पाठलाग होत नाही. हातमोज्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे कारखान्याचं नाव विचारलं तर मिळतं.

विक्रीची बाजू तर पुरवठा साखळीच्या बहुतेक नकाशांत नसतेच. वर्गीकरण झालेल्या प्लास्टिकचे गठ्ठे दलालामार्फत परदेशी जातात आणि तिथे ते कुणाच्या हातांनी पुन्हा निवडले जातात, हे कुणी विचारत नाही. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या बासेल या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्तीने १ जानेवारी २०२१ पासून मिश्र आणि दूषित प्लास्टिक पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची संमती लागते; १ जानेवारी २०२५ पासून ई-कचऱ्यालाही लागते. हे कागद तसेही तयार होतातच; त्यावरचा शेवटचा कारखाना कोणता, हे दलालाला विचारा. ‘व्यापारी गुपित’ असं उत्तर देणाऱ्याला माल देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सापडलं तर? ठेकेदाराला फोन करून जाब विचारू नका. त्याच रात्री माणसं दुसऱ्या गावी हलवली जातात. करारही लगेच तोडू नका; मग ती माणसं रस्त्यावर येतात आणि त्याच टोळीच्या गाडीत बसतात. जिवाला धोका दिसत असेल तर थेट पोलीस. नसेल तर रजिस्टर, पगारपत्रक, कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, ही बातमी दोघा-तिघांपलीकडे जाऊ देऊ नका, आणि अशा बळींसाठी काम करणाऱ्या अधिकृत हेल्पलाइनशी बोला. चौकशी तुम्ही करायची नाही. राहण्याची दुसरी सोय आणि चालू पगार यांची तजवीज मात्र तुमची.

माणसं बाहेर पडल्यावर त्यांना हवं असेल तर थेट कंपनीच्या पगारावर घ्या, नवं खातं त्यांच्या स्वतःच्या हाताने उघडू द्या, कार्ड त्यांच्या हाती आल्याची खात्री करा. तीन महिन्यांनी त्याच नावांवर ती चार रकान्यांची जुळणी पुन्हा चालवा.