रिपोर्टवर 'लायकेनॉइड' आलंय, हे कॉमन आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तोंडाच्या बायोप्सीचे रिपोर्ट लिहायचे हे माझं काम, आणि पेशंट असो की त्याचा डेंटिस्ट, फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम हे लायकेनॉइड लीजन बऱ्याच जणांना असतं का हो? लायकेन प्लॅनस म्हणजे तोंडात पांढरी जाळी उमटवणारा जुनाट दाहाचा आजार, आणि लायकेनॉइड म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा चट्टा.

कुठे मोजताय त्यावर आहे. डेन्मार्कचे तोंडाच्या रोगांचे तज्ज्ञ पिंडबोर्ग आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) डॉ. फली मेहता यांच्या टीमने केरळात ७,६३९ गावकऱ्यांची तोंडं तपासली होती, १९७२ ला छापून आलं ते, त्यात लायकेन प्लॅनस दीड टक्का लोकांना. हा गावातला आकडा. आमच्या लॅबमध्ये चांगलं तोंड कोण पाठवणार, डेंटिस्टला शंका आली तरच तुकडा निघतो, त्यामुळे आमच्या रजिस्टरमध्ये हे नाव सारखं दिसतं आणि शिकायला आलेल्या नवीन पीजी डॉक्टरला वाटतं अर्ध्या गावाला हेच झालंय.

त्यात नियमाची गंमत. २००३ पासून बहुतेक जण जो निकष धरतात तो असा की तोंडात दोन्ही बाजूंना पांढरी जाळी हवी आणि मायक्रोस्कोपखाली, स्लाइडवरही सगळं जुळायला हवं, तरच लायकेन प्लॅनस म्हणायचं, एक जरी बाजू लंगडी पडली की लायकेनॉइड. आता फॉर्म बघा आमच्याकडे येणारे. 'व्हाइट पॅच, बक्कल म्युकोजा', म्हणजे गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा, बस्स. डावा गाल की उजवा ते नाही, औषधांपुढे नुसती रेघ. स्लाइडवर वरच्या थराखाली लिम्फोसाइट्सचा, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, पट्टा दिसतो, खाली रक्तवाहिन्यांभोवतीही थोड्या पेशी, पण एवढ्यावर कारण सांगता येत नाही. मग मी लायकेनॉइड लिहिते आणि खाली 'क्लिनिकली कोरिलेट करा', म्हणजे पेशंटला तपासून ताळा बघा. यातले कितीतरी रिपोर्ट फॉर्म नीट भरला असता तर वेगळे गेले असते असं माझं मत आहे, डेंटिस्ट मंडळी रागावली तरी चालेल.

कारणं तशी रोजचीच. चांदी भरलेली दाढ गालाला घासते तिथेच चट्टा, फिलिंग बदललं की काही महिन्यांत बरेचदा निघून जातो. बीपीच्या काही गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या. आणि आपल्याकडे पान-तंबाखू, मुंबईच्याच डॉ. दफ्तरींनी १९८० मध्ये याचं वर्णन केलंय, पान जिथे दाबून ठेवतात बरोबर तिथे बारीक पांढऱ्या समांतर रेघा, एकमेकींना न छेदणाऱ्या, जाळी नाहीच. सवय सुटली की ओसरतात.

कॅन्सरचं विचारणारच तुम्ही. बरीच वर्षं धरली तर शंभरात एक-दोघांना, म्हणून घाबरायचं नाही पण दर सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि तंबाखू चालूच असेल तर हा हिशोब मी लावत नाही.

तर पुढच्या वेळी फोन करण्याआधी आरशात बघा चट्टा चांदीच्या दाढेसमोर आहे का, आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्सचा फोटो पाठवा.