1780 लिहिलेला टालर नेमका कधीचा? मोठी चांदीची नाणी जमवतानाचा माझा अनुभव

म्युनिकमध्ये नोकरीनिमित्त स्थिरावल्यावर युरोपातील मोठी चांदीची नाणी जमवायची, असे मी ठरवले. पण सुरुवात कोठून करायची, हे माझ्या आवडीपेक्षा माझ्या खिशाने ठरवले. टिरोलमधील हॉल येथे आर्चड्यूक सिगिस्मुंड याने 1486 साली पाडलेला गुल्डिनर हा या सगळ्या नाण्यांचा मूळपुरुष, आणि तो संग्रहालयाच्या काचेआडच पाहावा हे बरे. बोहेमियातील योआखिम्सटाल येथे श्लिक घराण्याने 1520 च्या सुमारास पाडलेल्या टालरांपैकी चांगल्या स्थितीतले नाणेही मला झेपणारे नव्हते. त्यामुळे मी दोन शतके खाली उतरलो आणि ऑस्ट्रिया व बव्हेरिया यांच्यातील 1753 च्या कराराप्रमाणे पाडलेल्या कन्व्हेन्शन्सटालरांपाशी येऊन थांबलो.

या निवडीमागे एक व्यावहारिक कारणही होते. त्या कराराने मान पक्के ठरवून दिले होते: एका कोलोन मार्क शुद्ध चांदीतून, म्हणजे सुमारे 233.86 ग्रॅममधून, 10 टालर पाडायचे. म्हणजे प्रत्येक नाण्यात 23.39 ग्रॅम शुद्ध चांदी, आणि तांब्याची भेसळ धरून एकूण वजन 28 ग्रॅमच्या किंचित वर. आपल्याकडचा राणीछाप रुपया एक तोळ्याचा. हे नाणे अडीच तोळ्यांना थोडेसे कमी भरते आणि तळहातावर चार सेंटिमीटर जागा व्यापते. नवख्याच्या दृष्टीने हे मान फार उपकारक आहे, कारण आकडे आधीच ठाऊक असल्यामुळे दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा वजनकाट्यावर अधिक विसंबता येते.

पहिले नाणे मी बव्हेरियाचा माक्सिमिलियान तिसरा योसेफ याचा मडोनाटालर घेतले. एका बाजूला हा इलेक्टर, म्हणजे बव्हेरियाचा शासक, दुसऱ्या बाजूला बव्हेरियाची रक्षणकर्ती म्हणून मेरी. नाणी पुष्कळ पाडली गेल्याने किंमत बेताची. लिलावाच्या सूचीत त्याच्या वर्णनात ‘युस्टियर्ट’, म्हणजे वजन जुळवलेले, असा शब्द होता, आणि छायाचित्रात मेरीच्या झग्यावरून समांतर ओरखडे गेलेले दिसत होते. अनेक जण असे नाणे खराब म्हणून सोडून देतात. वास्तविक हे ओरखडे टांकसाळीतलेच असतात: चकती ठरल्यापेक्षा जड भरली, तर कामगार ठसा मारण्यापूर्वी ती कानशीने घासून वजन उतरवीत असे, आणि घासल्याच्या रेषा ठशाखाली पुरत्या दबल्या नाहीत की तशाच राहत. नंतर कोणी ओरखडा काढला असेल, तर तो उठावाच्या माथ्यावरून कापत जातो आणि त्याचा तळ वेगळा चमकतो. टांकसाळीतल्या रेषा मात्र उठावात विरून गेलेल्या दिसतात. भिंगाखाली हा फरक एकदा नजरेत बसला की पुढे तो शिकवावा लागत नाही. या रेषांमुळे भाव खाली येतो, म्हणून मी असे नाणे आनंदाने घेतो.

लिलावाच्या व्यवहाराबद्दल थोडक्यात सांगतो. हातोडा पडतो तो भाव अंतिम नसतो. त्यावर लिलावगृहाचे शुल्क चढते, आणि ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा अधिकही असते. त्यामुळे बोलीची कमाल मर्यादा मी शुल्कासह ठरवतो आणि ती लेखी कळवून मोकळा होतो. सभागृहात बसलो की मर्यादा आपोआप वर सरकते.

खरा गुंता सुरू झाला तो ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसिया हिच्या टालरपासून. या नाण्यावर विधवेचा पदर घेतलेली सम्राज्ञी, तिच्या खाली एस. एफ. ही गुन्झबुर्ग टांकसाळीची अक्षरे, मागे दोन डोक्यांचा गरुड आणि 1780 हे साल असते. सम्राज्ञी त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला वारली. परंतु तांबड्या समुद्राभोवतीच्या व्यापाऱ्यांना हेच नाणे, याच चेहऱ्याचे आणि याच सालाचे, हवे होते; खांद्यावरच्या ब्रोचमधील मोती ठसठशीत नसले, तर ते नाणे परत करीत, असे सांगतात. म्हणून तेच साल ठेवून हे नाणे व्हिएन्ना, प्राग, मिलान, व्हेनिस येथे पाडले गेले आणि व्हिएन्नाची टांकसाळ आजही ते पाडते. म्हणजे 1780 लिहिलेला टालर गेल्या दोनशे चाळीसहून अधिक वर्षांतल्या कोणत्याही वर्षाचा असू शकतो.

मला या मालिकेत विशेष रस वाटला तो मुंबईमुळे. मुसोलिनीने 1935 साली ऑस्ट्रियाकडून हे नाणे पाडण्याचा हक्क आणि ठसे मिळवले, कारण इथिओपियात लोक हेच नाणे मानत. इटलीची ही मक्तेदारी इतरांनी मान्य केली नाही: लंडन, पॅरिस, ब्रसेल्स येथेही टालर पाडले जाऊ लागले, आणि महायुद्धाच्या काळात, 1940-41 मध्ये, फोर्टमधल्या मुंबई टांकसाळीतून दीड कोटीहून अधिक टालर बाहेर पडले. ज्या टांकसाळीसमोरून मी कॉलेजच्या दिवसांत बसने जात असे, तिने व्हिएन्नाच्या सम्राज्ञीचे नाणे पाडले होते, हे मला इथे, जर्मनीत कळले.

विक्रेते सहसा फक्त ‘1780, नंतरची प्रत’ एवढेच लिहितात. टांकसाळ ओळखायची, तर गरुडाच्या शेपटीची पिसे, ब्रोचमधील मोत्यांचा आकार, अक्षरांमधील ठिपके, असे बारीक तपशील संदर्भग्रंथातल्या छायाचित्रांशी ताडून पाहावे लागतात. ब्रोच हा नाण्याचा सर्वांत उंच भागांपैकी एक, आणि नेमका तोच आधी झिजतो. त्यामुळे मी मोत्यांपेक्षा पिसांवर अधिक भर देतो, कारण शेपूट खोलगट भागाला लागून असल्याने टिकून राहते.

त्याआधी कड पाहायची. या टालरच्या कडेवर ‘युस्टिटिया एट क्लेमेन्टिया’ हे सम्राज्ञीचे ब्रीद, म्हणजे न्याय आणि दया, उठावाच्या अक्षरांत असते आणि मधे नक्षी असते. ओतीव बनावट नाण्यात ही अक्षरे वितळल्यासारखी गोलसर दिसतात, कधी कडेभोवती साच्याच्या जोडाची बारीक रेष फिरते. शिवाय अरबस्तानात व इथिओपियात हे टालर गळ्यातही घालत, म्हणून कडी काढून टाकून कड घासलेली नाणी बाजारात पुष्कळ आहेत. बाराच्या काट्यावर दोन-तीन अक्षरे पुसट आणि बाकीची धारदार असली की तिथे कडी होती, असे समजावे. अशा नाण्याला भाव निम्मा मिळाला तरी मी जास्तच समजतो.

वजन आणि कड यांनी समाधान झाले नाही, तर घनता काढतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात अशा रीतीने टांगायचे की ते तळाला किंवा काठाला लागणार नाही. काटा त्या वेळी दाखवतो तो विस्थापित पाण्याचा भार. 28.07 ग्रॅमच्या टालरला तो 2.75 ग्रॅमच्या आसपास यायला हवा, म्हणजे घनता 10.2. पितळेचे नाणे याच वजनाचे असेल, तर आकडा 3.3 च्या घरात जातो. नाण्यावर चिकटलेले हवेचे बुडबुडे ब्रशने झटकावे, नाहीतर चांगले नाणेही हलके ठरते.

मुंबईचा माझा टालर मला एका वृद्ध संग्राहकाच्या वाटणीतून, इतर प्रतींच्या डब्यातून, चांदीच्या भावापेक्षा थोड्याच अधिक किमतीला मिळाला. तो काळसर पडलेला होता. घरी आलेल्या आत्याने तो रांगोळीने घासून लख्ख करून देण्याची तयारी दाखवली, ती मी हात जोडून नाकारली. घासलेल्या नाण्यावरची टांकसाळीची झळाळी पुन्हा आणता येत नाही. मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांतही मी नाणी ठेवत नाही, कारण काही वर्षांत त्यांतून हिरवट चिकट थर सुटतो.

आता मला सम्राज्ञीच्या हयातीत गुन्झबुर्गला पाडलेला टालर हवा आहे. तो नंतरच्या प्रतींच्या कितीतरी पट महाग असतो, आणि त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या नाण्यांपैकी अनेक पुढच्या शतकातली निघतात, म्हणून लेखी हमी देणाऱ्या विक्रेत्याशिवाय मी तो घेणार नाही. चेहरा झिजलेला असला तरी चालेल. कडेवरचे ब्रीद मात्र सलग वाचता आले पाहिजे.